सहा वर्षांच्या आतले मूल कोणाचे?

मूल सहा वर्षांचे झाले की राज्याला ते दिसू लागते. त्याचे नाव शाळेच्या पटावर चढते. त्याच्यासाठी खोली, फळा, शिक्षक आणि पुस्तक यांची तरतूद अंदाजपत्रकात होते, आणि ते शाळेत आले नाही तर का आले नाही, याची चौकशी करणारा कोणीतरी असतो. परंतु तेच मूल तीन किंवा चार वर्षांचे असते तेव्हा ते कोणाचे असते? 'आईबापांचे' हे उत्तर सर्वांच्या तोंडी तयार असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे, हे ज्या घरातली आई उजाडण्यापूर्वी कामावर जाते त्या घराला विचारावे.

हाच प्रश्न एके काळी मोठ्या मुलांविषयीही विचारला जात असे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश मुलखासाठी तशाच हेतूचे विधेयक मध्यवर्ती कायदे कौन्सिलात मांडले; ते १९१२ साली नामंजूर झाले. खर्च कोण सोसणार, हा त्या वेळच्या आक्षेपांतला एक मोठा आक्षेप होता. आज सात वर्षांच्या मुलाच्या शाळेचा खर्च सरकारने का करावा, असे कोणी विचारीत नाही. मग चार वर्षांच्या मुलाविषयी तसे विचारताना संकोच का वाटत नाही, याचा थोडा शांतपणे विचार करण्याजोगा आहे.

जुन्या घरांत लहान मूल सांभाळणे हे काम आहे, असे कोणाला वाटतच नसे. आजी असे, आत्या असे, शेजारची काकू असे. मूल या ओसरीवरून त्या ओसरीवर जाई आणि तेवढ्यात शेकडो शब्द शिकून येई. ही व्यवस्था सर्वांना सारखी लाभत होती, असे मात्र मानू नये. ज्या घरातली आजीसुद्धा मजुरीला जाई, त्या घरात सांभाळणारी व्यक्ती एकच उरे, ती म्हणजे सात-आठ वर्षांची मोठी बहीण. तिच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि तिचे नाव शाळेच्या पटावर केवळ नावापुरते असे. आजही वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर किंवा बांधकामाच्या जागी हे दृश्य कोणीही पाहू शकतो. एका मुलाच्या संगोपनाची सोय नसल्यामुळे दोन मुलांचे शिक्षण बुडते, हा हिशेब सरळ आहे. पण तो कोणत्याही खातेवहीत मांडला जात नाही.

तो हिशेब मांडला गेल्याचे एक उदाहरण रोम शहरात सापडते. तेथील सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका बांधकाम संस्थेने मोडकळीस आलेल्या इमारती दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात. मागे राहिलेली लहान मुले जिन्यांत धुडगूस घालीत आणि भिंती खराब करीत. संस्थेच्या चालकांनी विचार केला की, रंगरंगोटीवर आणि दुरुस्तीवर जो पैसा जातो, त्याच पैशात ही मुले सांभाळण्यासाठी एक खोली आणि एक बाई ठेवता येईल. त्या खोलीची व्यवस्था त्यांनी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे सोपवली. ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झालेले ते बालगृह पुढे जगभर प्रसिद्ध झाले. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु तिच्या मुळाशी असलेली ही जमाखर्चाची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या चालकांना बालमानसशास्त्र ठाऊक नव्हते. मुलांकडे दुर्लक्ष करणेही फुकटात होत नाही, एवढे मात्र त्यांना कळले होते.

मॉन्टेसरीबाईंचे विचार आपल्याकडे ज्यांनी आपल्या मातीत रुजवले, त्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांची नावे प्रथम येतात. गिजुभाई मूळचे वकील; १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई राजकोटच्या स्त्री-अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून तेथे गेल्या. एका मराठी बाईने गुजराती मुलांत त्यांच्याच भाषेत काम केले आणि तेथे जे शिकली ते मराठीत आणले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला.

परंतु ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. शहरातली बालमंदिरे ज्यांना फी परवडते त्यांच्यासाठी चालतात. खेड्यातल्या आणि रानातल्या मुलाचे काय? १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच विधवा झालेल्या आणि शिक्षिकेचे काम करीत शिकलेल्या अनुताईंनी पुढचे सारे आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीतला अनुभव शिकवणारा होता. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यावरची मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे, असा साधा विचार त्यांनी केला आणि पाड्यातल्या झोपडीपुढच्या अंगणात वर्ग भरवला. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द या अंगणातून आला. साधने विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून शिंपले, चिंचोके, खडे, पाने आणि फुले हीच साधने झाली. मोजणी, रंगांची ओळख आणि आकारांची जुळणी ही सारी या परिसरातल्या वस्तूंनीच शिकवली गेली.

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. तेथे 'विकासवाडी' ही कल्पना आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात ठेवायच्या, ही ती कल्पना. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि आपण वर्गात जाऊन बसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरे. पाळणाघर ही शिक्षणाबाहेरची गोष्ट नसून शाळेचा पहिला उंबरठाच आहे, हे या टेकडीवर प्रत्यक्ष सिद्ध झाले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन देशाने दोघींचा गौरव केला. तथापि गौरव करणे आणि खर्चाचा भार उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राज्याने हा भार उचलावा, ही सूचना तशी जुनी आहे. १९४४ च्या सार्जंट अहवालात सहा वर्षांखालील दहा लक्ष मुलांसाठी मोफत शिशुशाळांची शिफारस होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अनुदानावर ठिकठिकाणी संस्थांच्या बालवाड्या चालू लागल्या. अनुदान आले की बालवाडी चाले आणि थांबले की बंद पडे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू झाली. तिने सहा सेवा एकत्र आणल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार दवाखान्यात पाठवणी, मातांना आरोग्य व आहाराचे शिक्षण आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण. कल्पना उत्तम होती, कारण भुकेल्या मुलाला गाणे शिकवता येत नाही आणि नुसते पोट भरल्याने मन वाढत नाही.

पुढची पंचवीस वर्षे ही योजना सावकाश पसरली. सर्व वस्त्यांपर्यंत ती पोचावी म्हणून शेवटी सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. अन्नाच्या हक्काविषयीच्या खटल्यात २००१ साली न्यायालयाने ही योजना सार्वत्रिक करण्याचा आदेश दिला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात किमान चौदा लक्ष अंगणवाड्या उभारण्यास सांगितले. आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असेही ठरवले. हा दुसरा आदेश पुष्कळांना माहीत नसतो. चाळीस मुलांची यादी घेऊन एखादी वस्ती मागणी करू शकते, यासारखी उपयुक्त माहिती गावोगावच्या मंडळांनी लोकांपर्यंत नेली पाहिजे.

आता कायद्यातल्या एका शब्दाकडे वळले पाहिजे. २००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण मात्र मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. म्हणजे राज्याने त्यासाठी प्रयत्न करावा. न केल्यास न्यायालयात हक्क म्हणून मागता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलम हेच सांगते. तीन वर्षांवरील मुलांसाठी मोफत शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल', अशी त्याची भाषा आहे. 'करील' अशी ती नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतल्या मोफत आहाराचा कायदेशीर हक्क दिला. तेव्हा आजची स्थिती अशी की, त्याच अंगणवाडीत बसलेल्या मुलाच्या ताटातला आहार हा त्याचा हक्क आहे, परंतु त्याच्या कानावर पडणारी गोष्ट आणि हातात येणारा खडू ही सरकारची इच्छा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांपर्यंत होते, असे म्हटले आहे आणि तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात धरली आहेत. हे मोठे पाऊल आहे यात शंका नाही. पण धोरण बदलले तरी कलमातला तो शब्द बदललेला नाही.

हक्क नसला की पैशाची ओढाताण कशी होते, ते आकड्यांवरून दिसते. अंगणवाडीतल्या साधारण मुलाच्या आहारासाठी २०१७ साली दिवसाला आठ रुपये हा दर ठरला. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका मुलामागे २,४०० रुपये होतात. त्या आठ रुपयांत तेव्हा ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यायची होती. ज्या गृहिणीने अलीकडे बाजारातून डाळ आणली असेल, तिला या गणिताची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा आकडा सेविकेचा. तिला वेतन नसते, मानधन असते. शब्द मोठा सुंदर आहे. त्यात मानही आहे आणि धनही आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेले मानधन सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनीस बाईंना २,२५० रुपये असे होते. त्यातही केंद्र व राज्य यांचा सर्वसाधारण वाटा साठ आणि चाळीस टक्के असा. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण ती भर राज्याराज्यांत निराळी असते. त्यामुळे एकाच कामाचा मोबदला सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असतो. या मानधनात ती मुलांना जमवते, त्यांचे वजन करते, आहार वाटते, गाणी म्हणवून घेते, गरोदर बायांच्या घरी जाते, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावून आणते आणि या साऱ्याची नोंद मोबाइलवर भरते. हे अर्धवेळ काम आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले.

या सांगण्याला गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातून न्यायालयात गेलेल्या बायांनी उत्तर मिळवले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याप्रमाणे निवृत्तीच्या वेळी उपदान मिळाले पाहिजे, आणि त्यांचे काम अर्धवेळ आहे हे म्हणणे मान्य करता येणार नाही. गुजरातेत मदतनीस बाईला 'तेडागर' म्हणतात. घरोघर जाऊन मुलांना घेऊन येणारी, असा त्याचा भाव. जी बाई हात धरून मुलाला शाळेच्या दारात आणते, तिच्या म्हातारपणाची तरतूद व्हावी यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

या खर्चावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, लहान मुलाला आईची ऊब हवी, सरकारी खोली नको. हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचा अनादर करू नये. पण अंगणवाडी आईची जागा घेत नाही. आई जेव्हा शेतात, कारखान्यात किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घाशीत असते, तेव्हाच्या रिकाम्या जागी ती उभी राहते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे पाळणाघराचे बंधन घातले. पुढे तो आकडा तीसवर आला. मुले सांभाळण्याची गरज तेव्हाच मान्य झाली होती. मात्र मोजणी केवळ स्त्रियांची होत असल्यामुळे स्त्रियाच कमी घेण्याचा मोह मालकाला होण्यासारखा होता. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर आवश्यक केले आणि स्त्रीपुरुष दोघांनाही मोजले. मूल दोघांचे असते, हे कायद्याला कळायला इतकी वर्षे लागली. तरीही शेतमजूर बाई, मोलकरीण आणि बिगारी बाई यांना अशा आस्थापनेचा आधार नसतो. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागी उन्हात पडलेली मुले पाहून तेथेच फिरते पाळणाघर सुरू केले, ते याच मुलांसाठी.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील एका लहानशा गावाचे उत्तर आहे. यिप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांपैकी ५८ मुलांना उत्तम बालशाळा दिली गेली आणि ६५ मुलांना ती मिळाली नाही. पुढे चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा मागोवा घेण्यात आला. बालशाळेत गेलेल्यांचे शिक्षण अधिक झाले, कमाई अधिक झाली आणि त्यांच्यावर खटले कमी झाले. नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशेब करून या खर्चावर वर्षाला सात ते दहा टक्के लाभ समाजाला परत मिळतो, असे दाखवले. मुले थोडी होती आणि देश वेगळा होता, हे खरे. म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. पण लाभ मिळाला तो उत्तम शाळेमुळे, शिकलेल्या आणि नीट पगार मिळणाऱ्या शिक्षिकांमुळे मिळाला, ही गोष्ट कोठेही खरीच आहे. स्वस्तातली बालवाडी उभारून महागातले फळ मागता येत नाही.

सुस्थितीतली घरे आपल्या मुलांना खासगी बालवर्गात घालतात आणि प्रश्न आपल्यापुरता सुटला असे मानतात. तेथे कित्येकदा साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पाटीभर अक्षरे गिरवून घेतली जातात आणि आईबापांना त्यातच समाधान वाटते. गिजुभाई-ताराबाईंनी ज्या ओझ्यातून मुलाला सोडवले, तेच ओझे फी भरून पुन्हा विकत घेतले जाते. उलट अंगणवाडीतल्या मुलाला पुष्कळदा खिचडी मिळते, पण खेळणे मिळत नाही. एकाला अकाली अक्षर आणि दुसऱ्याला उशिरा शब्द. नुकसान दोघांचेही होते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे या ठिकाणच्या मराठी समाजाने आपल्या मंडळांतून बालकमंदिरे चालवण्याची परंपरा चांगली राखली आहे. तीन वर्षांचे मूल घरची भाषा घेऊन येते आणि पहिले शिक्षण त्याच भाषेत हवे, हे या मंडळांना अनुभवाने ठाऊक आहे. देणगीतून एखादी खोली बांधता येते, झोपाळा घेता येतो, स्नेहसंमेलनाचा खर्च निघतो. परंतु एका शिक्षिकेला तीस वर्षे दरमहा पगार देणे आणि नंतर तिच्या म्हातारपणाची सोय करणे देणगीने होत नाही. ते कामच सार्वजनिक तिजोरीचे आहे. कोसबाडच्या टेकडीवर त्यागाने जे उभे राहिले ते प्रत्येक पाड्यावर त्यागानेच उभे राहील, अशी अपेक्षा धरणे हा त्या त्यागाचाही सन्मान नव्हे.

नागरिकांना करण्यासारख्या गोष्टी मोठ्या नाहीत. आपल्या वस्तीतली अंगणवाडी कोठे आहे, ती किती वेळ उघडी असते, तिला पाणी आणि शौचालय आहे का, सेविकेचे मानधन वेळेवर येते का, हे एकदा जाऊन पाहावे. ग्रामसभेत किंवा नगरसेवकापुढे रस्ता आणि गटार यांच्या जोडीने हा विषयही मांडावा. मत मागायला येणाऱ्याला कलम ११ मधल्या त्या 'करू शकेल' या शब्दाविषयी विचारावे.

अंगणवाडीतले मूल मत देत नाही, मोर्चा काढीत नाही, वर्तमानपत्रात पत्र लिहीत नाही. आपले तीन वर्षांचे वय ते एकदाच जगते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद झाली तरी ते वय त्याला परत मिळत नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचे काम मोठ्यांकडे येते. सहा वर्षांच्या आतले मूल आईबापांचे आहेच. ते सर्वांचेही आहे, असे ज्या दिवशी अंदाजपत्रकात दिसेल, त्या दिवशी बोर्डीच्या त्या अंगणातली शाळा खऱ्या अर्थाने देशाची झाली असे म्हणता येईल.